अकराव्या चकतीची वरची बाजू

मला डोकं नाही, हात नाहीत, आणि कमरेखाली तर काहीच नाही. तरीही मी माणूस आहे, मित्रांनो. लाकडी, जुना, मानेपासून कमरेपर्यंतचा, चोवीस चकत्यांचा माणूस. काकडी चिरताना चकत्या पाडतात तशाच माझ्या चकत्या आहेत, फक्त प्रत्येक चकती इंचभर जाड आणि तिच्यावर त्या ठिकाणी आत काय काय असतं त्याचं चित्र. माणसाचं शरीर आडवं कापलं तर आत काय दिसेल, हे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना शिकवायला मला घडवलं.

माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही, हे आधीच सांगून टाकतो. हात नसतानाही माझ्या हातून एका माणसाचं नुकसान झालं आणि एका मुलीचं आयुष्य भलत्याच वाटेला लागलं. ते कसं झालं, एवढंच मला सांगायचं आहे.

मला घडवलं दोघांनी. एक होत्या बाई. त्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायच्या. किडकिडीत अंगाच्या, भरभर चालणाऱ्या, आणि त्यांच्या बाहीला कायम खडू लागलेला असायचा. दुसरे होते मिस्त्री. लोखंड ओतण्याच्या कारखान्यात लाकडी साचे बनवण्याचं त्यांचं काम. सुताची सुद्धा चूक चालत नाही असं काम करून करून त्यांचा स्वभावही तसाच झालेला होता.

त्या वर्षी कॉलेजच्या दवाखान्यात माणसाच्या आडव्या कापाचे फोटो काढणारं यंत्र नवीनच आलं होतं. मुलांनी आजवर शरीर पाहिलं ते समोरून. त्यामुळे आडवा फोटो हातात आला की ती गांगरून जायची. कोणी मूत्रपिंडाला प्लीहा म्हणायचं, तर कोणी फोटोच उलटा धरायचं. म्हणून बाईंनी चोवीस कागदांवर चोवीस आकृत्या काढल्या आणि मिस्त्रींचं घर गाठलं.

मिस्त्रींनी हलकं, बिनगाठीचं लाकूड निवडलं. दोन वर्षं ते सुट्टीच्या दिवशी माझ्यावर राबले. आधी करवत, मग पटाशी, मग कानस, मग पॉलिश पेपर. पाठीच्या कण्याच्या जागी भोक पाडून त्यातून पितळी गज घातला आणि सगळ्या चकत्या त्यात ओवल्या. बाई शेजारी स्टुलावर बसून बारीक ब्रशने रंग भरायच्या. फुफ्फुसं फिकट गुलाबी, यकृत तपकिरी, मोठ्या शिरा निळ्या, धमन्या लाल.

पण रंग फक्त चकतीच्या खालच्या बाजूला. वरची बाजू कोरी. मिस्त्रींना ते काही केल्या पटेना.

"बाई, अर्धं काम करून सोडायची मला सवय नाही. वरची बाजू काय म्हणून मोकळी ठेवायची?"

"कारण हे फोटो नेहमी पायाकडून बघायचे असतात, मिस्त्री. पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे आहोत, असं समजून. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. तेच डोक्याकडून बघितलं तर सगळं फिरतं. पोरांना दोन्ही दाखवलं तर पोरं दोन्ही विसरतील."

"मग मी वर निदान पॉलिश करतो."

"करा. पण रंगाचा एक थेंबही नको."

मिस्त्रींनी वरच्या बाजूंना असं पॉलिश केलं की हात फिरवत राहावंसं वाटे. मला तेव्हा वाटायचं, एवढी सुंदर बाजू आणि तिच्यावर काहीच नाही. माझा हावरटपणा पहिल्या दिवसापासूनचा आहे, मित्रांनो. नंतर जे घडलं त्यात त्याचाही वाटा आहे.

पुढची सव्वीस वर्षं माझी सुखाची होती. बाई मला लांब टेबलावर उताणा निजवायच्या, कमरेची बाजू मुलांकडे करून. मग वर्गातल्या एखाद्या मुलाला म्हणायच्या, "बूट काढ आणि याच्या शेजारी आडवा हो." तो लाजत लाजत आडवा व्हायचा. बाकीचे पायाशी गोळा व्हायचे.

"उजवा हात वर कर रे. बघा सगळ्यांनी. तुमच्या कुठल्या बाजूला आला?"

"डाव्या!"

"फोटोतही तसंच असतं. आधी पायाशी जायचं, मग तोंड उघडायचं."

मग त्या माझी एकेक चकती पायाकडून काढून दाखवायच्या आणि त्याच वेळी त्या निजलेल्या मुलाच्या शर्टावर खडूने रेघ मारायच्या, की ही चकती तुझ्यात इथे आहे. एकदा एक उंचापुरा मुलगा टेबलावर चक्क झोपी गेला आणि घोरायला लागला. बाईंनी त्याला उठवलं नाही. श्वास घेताना छातीचा पडदा किती खाली येतो, ते त्याच्या घोरण्यावर त्यांनी तासभर शिकवलं. वर्ग हसून हसून बेजार झाला, पण तो धडा कोणी विसरलं नसेल.

दाराशी मामा उभे असायचे. मामा म्हणजे आमच्या खोलीचे शिपाई. टेबल पुसणं, खडू आणणं, बरण्यांतलं पाणी बदलणं, सगळं त्यांच्याकडे. सव्वीस वर्षं तोच धडा ऐकून त्यांनाही तो तोंडपाठ झाला होता. नवीन मुलगा डोक्याशी जाऊन उभा राहिला तर मामाच दारातून म्हणायचे, "दादा, पायाशी." बाई हसायच्या आणि म्हणायच्या, "आमचे अर्धे मास्तर दारात उभे असतात."

मग बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसलं आणि खोली सोडून गेल्या.

त्यांच्या जागी सर आले. सर वाईट होते असं म्हटलं तर ते खोटं होईल. टापटिपीचे, वक्तशीर, नव्या गोष्टींची हौस असलेले. त्यांनी खोलीत मोठा पडदा लावला. त्यावर खऱ्या माणसांचे आडवे फोटो एकामागून एक सरकायचे, वर न्या, खाली न्या, हवं तेवढं मोठं करा. त्याच्यापुढे माझा काय पाड? माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे मी सात वर्षं होतो. माझ्या शेजारी एक मोडका पंखा आणि जुन्या परीक्षांच्या पेपरांचा गठ्ठा होता. महिन्यातून एकदा मामा शिडी लावून माझ्यावरची धूळ झटकायचे, आणि तेवढीच काय ती माझी विचारपूस.

आठव्या वर्षी कॉलेजचा मोठा वाढदिवस आला. पाहुणे येणार, जुनं काही दाखवायला हवं, म्हणून सरांना माझी आठवण झाली. मला खाली उतरवलं. माझ्यासाठी काचेची पेटी आली. पण तिच्यात निजायला जागा नव्हती, उभंच राहायचं होतं. दाराकडे छाती करून मला उभं केलं, म्हणजे येणाऱ्याला आधी मी दिसावा. पेटीचं दार मात्र मागच्या बाजूला, माझ्या पाठीकडे. ज्याला चकती बघायची त्याने माझ्या पाठीमागे उभं राहायचं आणि वरून चकती उचलायची.

सरांनी पहिली चकती उचलली. त्याखाली दुसऱ्या चकतीची वरची बाजू होती, कोरी.

"हे अर्धवट दिसतंय," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी रंगवून घ्या."

पाट्या रंगवणारा एक रंगारी बोलावला होता. हात अगदी साफ होता त्याचा. त्याने विचारलं, "साहेब, वर कुठलं चित्र काढू?"

"खाली आहे तेच."

झालं. रंगाऱ्याने प्रत्येक चकतीच्या खालच्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून आकृती उतरवून घेतली, चकती उलटली आणि जशीच्या तशी वर काढली. छातीची बाजू छातीकडे, पाठीची पाठीकडे, सगळं कसं नीट. आता नीट विचार करा, मित्रांनो. चकती उलटली की तिची उजवी बाजू डावीकडे जाते. चित्र मात्र तसंच राहिलं. म्हणजे माझ्या एकाच चकतीत खालून बघितलं तर यकृत माझ्या उजव्या अंगाला, आणि वरून बघितलं तर डाव्या अंगाला. माझ्या पोटात दोन माणसं राहायला लागली, एकमेकांच्या उलट.

मामांच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. काच पुसता पुसता ते थबकले. त्यांनी एक चकती उचलली, वरून बघितली, उलटून खालून बघितली, आणि सरांकडे गेले.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण हे वरचं चित्र उलटं झालंय."

सरांनी चकतीवर नजर टाकली. "उलटं कुठे? यकृत चित्राच्या डाव्या हाताला आहे. आपल्या पडद्यावरही अस्संच दिसतं."

"पडद्यावर पायाकडून दिसतं ना, साहेब. इथे आपण डोक्याकडून—"

"मामा, तुम्ही काच पुसा. शिकवायचं आम्ही बघतो."

मामांनी काच पुसली. ते पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. सरांची चूकही कशी बघा, अडाणी माणसाच्या हातून ती झालीच नसती. हजारो फोटो पाहून पाहून ते चित्र त्यांच्या डोळ्यांत इतकं बसलं होतं, की ओळखीचं चित्र दिसल्यावर ते कुठून बघतोय हे विचारायचं राहूनच गेलं. आणि मी? मी खूश होतो. अंगावर नवा रंग, समोर काच, पाहुणे थांबून थांबून बघतायत. चुकीचा का होईना, पण मी भरगच्च दिसत होतो. त्या आनंदाची मला आज लाज वाटते.

मग ती आली. वर्गातली मुलं तिला 'वहीवाली' म्हणायची. तिच्याकडे जाड पुठ्ठ्याची वही असायची आणि पडद्यासमोर गर्दी झाली की ती मागेच राहायची. खांदे मारून पुढे घुसणं तिला जमत नसे. मग सगळे गेल्यावर ती माझ्याकडे यायची, मामांकडून किल्ली घ्यायची, पेटीचं मागचं दार उघडायची आणि माझ्या पाठीमागे उभी राहायची.

कितीतरी वर्षांनी मला कोणी हात लावत होतं. ती चकती उचलायची, खालच्या चकतीचं वरचं चित्र वहीत काढायची, मग पेन्सिलचं टोक माझ्या बरगड्यांवर टेकवून स्वतःलाच विचारायची, "पाणी इथे साचलं, तर सुई कुठे?" आणि उत्तर बरोबर आलं, म्हणजे तिला बरोबर वाटलं, की माझ्या खांद्यावर थाप मारायची. अकरावी चकती तिची आवडती. तिच्यात हृदयाचं टोक आहे, दोन्ही फुफ्फुसं आहेत आणि यकृताचा माथा नुकता डोकावतो. "अकरा नंबर, चला, उठा आता," असं म्हणून ती तिला उचलायची.

उचललेली चकती मात्र ती बाजूला ठेवून द्यायची. तिची खालची बाजू तिने कधी बघितलीच नाही. वर चित्र असताना खाली कशाला बघायचं? सरांनी वर्गात पायाकडून बघायचा नियम सांगितला होता आणि तिला तो पाठही होता. पण नियम डोक्यात राहिला, मित्रांनो. तिच्या हाताला मी शिकवलं. चित्रात जे डाव्या हाताला, ते माणसाच्या पाठीशी उभं राहिलं की डाव्याच हाताला, असं मी तिला दोन वर्षं रोज शिकवत होतो.

ती उत्तम मार्कांनी पास झाली. जाताना तिने मामांना पेन भेट दिलं आणि माझ्या काचेवर टिचकी मारली.

अडीच वर्षांनी ती परत आली, ती दुपारच्या वेळी. खोलीत मामा एकटेच होते. ती पिशवी मांडीवर घट्ट धरून स्टुलावर बसली.

"बरं नाही का, ताई?" मामांनी विचारलं.

"मामा, माझ्या हातून घोळ झालाय. मोठा."

आणि तिने सांगितलं. ती आता दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होती. वॉर्डात एक फळवाले काका होते. हातगाडीवर फळं घेऊन गल्लोगल्ली हाका मारत फिरणारे. त्यांच्या छातीत एका बाजूला पाणी झालं होतं आणि सुई घालून ते काढायचं होतं. वरचे डॉक्टर ऐनवेळी दुसऱ्या पेशंटकडे धावले, जाता जाता म्हणाले, "तू कर, तुला येतं." काकांना टेबलावर पुढे वाकवून बसवलं होतं, पाठ तिच्याकडे. समोरच्या भिंतीवर आडवा फोटो. पाणी चित्राच्या डाव्या बाजूला दिसत होतं.

"मी डावीकडे सुई घातली, मामा. पाणी उजवीकडे होतं. चांगलं फुफ्फुस होतं ना, ते सुई लागून बसलं. पंधरा दिवस यंत्रावर होते ते. वाचले, पण आता चार पावलं टाकली की धाप लागते. हाक तर मारताच येत नाही." तिने चष्मा काढला. "घरच्यांना सांगितलं, फुफ्फुसं आधीच कमकुवत होती, होतं असं कधी कधी. मलाही सांगितलं, गप्प बस. पण मला कळत नाहीये, मामा, मी तिथेच कशी घातली? हात आपोआप गेला. जराही शंका आली नाही. मी वेडी आहे का?"

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, हे मला काचेतूनही दिसलं. ते पेटीकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. आता बोलतील.

"चहा आणतो मी," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

ती उठली. पेटीचं दार उघडून माझ्या पाठीमागे उभी राहिली, आणि दहा चकत्या एकेक करून बाजूला ठेवल्या. पिशवीतून वही काढली. अकराव्या चकतीच्या चित्राशी वहीतलं चित्र ताडून बघितलं.

मग तिने ती चकती हातात घेतली. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी कशाचीच वाट पाहिलेली नाही. फक्त मनगट फिरवायचं होतं. एकदा उलटी करून बघ, पोरी, एकदाच. खाली बाईंच्या हातचं खरं चित्र होतं. ते दिसलं असतं तर तिला सगळं कळलं असतं.

"बरोबरच तर आहे," ती हळूच म्हणाली. "म्हणजे चूक माझीच."

तिने चकती होती तशी ठेवली, वरच्या दहा ओवल्या, दार लावलं. मामा चहा घेऊन आले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. तो कप टेबलावर तसाच निवून गेला.

महिन्याभरात कळलं की तिने डॉक्टरकी सोडली. कुठल्याशा कचेरीत ती आजारी माणसांच्या फायली तपासते. कागद तपासायचे, शिक्के मारायचे, माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही. ही बातमी ऐकल्यापासून मामा माझी काच पुसायचे तेव्हा खाली मान घालूनच पुसायचे. त्यांना जीभ होती, मला नव्हती, एवढाच आमच्यात फरक. गप्प बसण्यात आम्ही दोघे सारखेच.

दोन महिने त्यांनी ते कसंबसं रेटलं. मग एका रविवारी ते खोलीत आले, अकरावी चकती काढली, कापडी पिशवीत घातली आणि बाईंच्या घरी गेले. मी तुकड्यातुकड्यांनीही मीच असतो, त्यामुळे त्या पिशवीत मी होतोच.

बाई आता काठी घेऊन चालत होत्या. त्यांनी चकती हातात घेतली आणि पहिल्यांदा अंगठ्याने वरची बाजू चाचपली. पॉलिशच्या जागी रंगाचा खडबडीतपणा लागला.

"वर रंग कोणी दिला?"

मामांनी सगळं सांगितलं. सर काय म्हणाले ते, आणि नंतर आपण चहा आणायला निघून गेलो तेही. बाई रागावतील असं त्यांना वाटलं असावं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही एकदा तरी बोललात, मामा. मी तर निवृत्त झाल्यावर इकडे फिरकलेही नाही. कोरी का ठेवली, ते कुठे लिहूनही ठेवलं नाही. पत्ता आहे का त्या मुलीचा?"

कचेरीत तिचं टेबल खिडकीजवळ होतं. फायलींचे ढीग दोन्ही बाजूंना. बाईंनी काही न बोलता चकती तिच्यापुढे ठेवली, वरचं चित्र वर. तिने ओळखली. मग बाईंनी चकती उलटली.

तिने एकदा हे चित्र बघितलं, एकदा ते. पुन्हा उलटलं. मग चकती स्वतःच्या पोटाशी धरून वाकून पाहिली.

"म्हणजे मी वेडी नव्हते."

"नाही गं. आम्ही तुला चुकीचं शिकवलं," बाई म्हणाल्या. "मामांनी आणि मी. माफी मागायला आलोय. मी सरांशीही बोलणार आहे. तू परत ये."

मामा पुढे झाले. ते नुसते हात जोडून उभे राहिले.

ती खूप रडली. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली तरी तिला भान नव्हतं. मग तिने डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "पण त्यांचं काय? काकांचं? त्यांना अजून वाटतंय, त्यांचीच फुफ्फुसं कमकुवत होती."

तिने चकती दोन्ही हातांत घट्ट धरली.

"ही मी घेऊन जाऊ का? आजच?"

तिघेही निघाले. काकांचं घर तळमजल्यावर, एकच खोली. हातगाडी दारात उलटी करून ठेवलेली. काकू आता बाजारात एका जागी टोपली घेऊन बसत होत्या, त्या घरी नव्हत्या. काका खाटेवर उशांना टेकून बसले होते. मोठं हाड, रुंद खांदे, आणि आवाज मात्र कुजबुजल्यासारखा.

"अरे, डॉक्टरताई!" ते म्हणाले. "या, या. कोण आठवण ठेवतं हो एवढी."

तिला ते ऐकवेना. ती उभ्या उभ्याच बोलली. तुमची फुफ्फुसं कमकुवत नव्हती. सुई चुकीच्या बाजूला गेली. ती मी घातली. आणि ते तुमच्यापासून लपवलं. मग तिने चकती पुढे केली आणि हे चित्र कसं उलटं आहे, आपण कसं शिकलो, ते सांगायला लागली. पण तिचं तिलाच ऐकू आलं असावं की हे कारण सांगणं चाललंय. ती मध्येच थांबली.

काकांनी चकती हातात घेतली. ती कशी धरायची हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी ती सरळ स्वतःच्या छातीला लावली, पाठीची बाजू स्वतःकडे, छातीची पुढे, आणि मान खाली घालून बघितलं. हृदयाच्या टोकावर बोट ठेवलं. मग दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला, डाव्या बाजूला.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "माझं इकडे धडधडतंय."

बाईंनी डोळे मिटून घेतले. चोवीस चकत्या, सव्वीस वर्षांचे धडे, मोठा पडदा, एवढं सगळं असून जे सरांना आणि तिला दिसलं नाही ते त्या माणसाला एका श्वासात कळलं, कारण त्याने मला स्वतःच्या अंगाला लावून बघितलं.

काका दम घ्यायला थांबले. मग ते तिच्याकडे बघून म्हणाले, अगदी सावकाश, रागावून नाही:

"ताई, त्या दिवशी मी जागा होतो. उजव्या बाजूला दगड ठेवल्यासारखं जड होतं. तुम्ही भिंतीकडे बघत होतात. मला विचारायचंत ना."

ती खाटेजवळ खाली बसली, जमिनीवरच. तिने चकती बाजूला ठेवली.

"आता विचारू?" तिने विचारलं. "आता कुठे जड वाटतं?"

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिचा हात धरून आपल्या बरगडीवर ठेवला आणि सांगायला लागले. धापा टाकत, थांबत थांबत, त्यांनी पुष्कळ सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

ती परत डॉक्टर झाली का, हे मला माहीत नाही, मित्रांनो. सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. माझ्या वरच्या बाजूंचा रंग मामांनी निवृत्त होण्याआधी खरवडून काढला, मिस्त्रींचं पॉलिशही त्याबरोबर गेलं. काकांचा आवाज काही परत आला नाही. बाई सरांशी बोलल्या, तेव्हापासून मी पुन्हा टेबलावर निजलेला असतो आणि मुलं माझ्या नसलेल्या पायांशी उभी राहतात. तुम्हीही कधी आलात तर मला पुसा, नीट ठेवा, एखादी चकती फुटली तर चिकटवा; जुन्या वस्तूला एवढी काळजी पुरते. पण माझ्याकडे बघून झालं की मला बाजूला ठेवा, आणि शेजारी जो खरा माणूस निजलेला असेल त्याला आधी विचारा. त्याला बोलता येतं.